कुलसुमबी कुठेच दिसत नाहीत

फीत संपली, टीव्ही काळा झाला, आणि खोलीतल्या एकवीस माणसांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. नियाजभाईंनी बत्तीस वर्षं अकोल्यातली लग्नं टिपली होती. फीत संपल्यावर घरात काय व्हायला हवं, हे त्यांना तोंडपाठ होतं. कुणीतरी म्हणायचं, मामूचं पोट पाहा किती सुटलं. कुणीतरी म्हणायचं, वरात पुन्हा लावा. इथे जुम्म्याची बिर्याणी पोटात आणि सगळे गप्प. लक्षण काही ठीक नव्हतं.

नियाजभाईंच्या मुलाच्या, शाकीबच्या लग्नाची ही फीत त्यांच्या मुलीने, नगमाने केली होती. नवरदेवाची सख्खी बहीण मुंबईत सिनेमाचा कॅमेरा चालवत असताना बाहेरचा शूटिंगवाला सांगायचा म्हणजे घरात विहीर असून शेजाऱ्याच्या नळावर बादली लावायची. आठ वर्षं नगमा मोठ्या कॅमेरामनांच्या हाताखाली होती. त्यांच्या भिंगांच्या पेट्या उचलल्या, फोकस सांभाळला, शिव्याही खाल्ल्या. आता येत्या सोमवारपासून पहिला सिनेमा सुरू होणार होता, ज्याचा कॅमेरा तिच्या एकटीच्या हातात असणार होता. भावाचं लग्न तिने त्याच्या महिनाभर आधी, हात साफ करावा तसं टिपलं होतं.

आणि नियाजभाईंना ते मनापासून आवडलं होतं, पण बोलायची हिंमत होईना. डोळे दिपवणारा दिवा नव्हता, बदामाच्या आकारात नवरानवरी नव्हते. होती ती खिडकीतल्या उजेडात मेंदीचे हात पुढे धरून बसलेली अनीसा, आणि भटारखान्याच्या धुरात हसणारे आचारी.

"अंधार लय हाय," शाकीब शेवटी म्हणाला. बापाचं शूटिंगचं दुकान आता तो चालवत होता आणि प्रत्येक वरातीवर ड्रोन उडवत होता, तेव्हा बोलायचा मान त्याचाच.

"अंधार नाई रे, सावली हाय," नगमा म्हणाली.

"माही शेरवानी मरून कलरची होती बाजी. काळी दिसून राहिली. मी लग्न करून राहिलो होतो का मातीले आलो होतो?"

हशा झाला, जरा हवा मोकळी झाली. एवढ्यात तीन आठवड्यांची नवी सून अनीसा पडद्याआडून बोलली. "मले त आवडलं. माहे अब्बा बिदाईच्या टायमाले चपला शोधून राहिले होते. चपला पायातच होत्या त्यायच्या. रडतानी कोनी पाहू नये म्हनून खाली वाकले. ते कोन टिपलं असतं?"

शाकीबने बायकोकडे पाहिलं. लग्नानंतरचा हा पहिला मतभेद होता आणि तो एकवीस माणसांसमोर व्हावा, हे काही त्याच्या हिशेबात नव्हतं. पण अमरावतीची मुलगी. बोलली ती बोलली. खोलीत आता दोन तट पडण्याच्या बेतात होते, आणि पडलेही असते, पण सोफ्याच्या कोपऱ्यातून आवाज आला.

"मी कोठी हाय याच्यात?"

कुलसुमबी. नियाजभाईंची थोरली बहीण, हिवरखेडची. वीस एकर काळी माती, तीन सालदार आणि अफनान हा एकुलता मुलगा सांभाळून अडुसष्ट वर्षांच्या झालेल्या. या घरात बोलणं अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत चालायचं. पण कुलसुमबींना लाड करायचे असले की उर्दू आणि भांडायचं असलं की वऱ्हाडी. आयुष्यभराची भांडणं बांधावर झालेली, त्यामुळे त्यांचं तसं वळणच पडलं होतं. आता त्या वऱ्हाडीत विचारत होत्या.

"असाल ना फुप्पी," शाकीब म्हणाला. "थांबा, मांगं घेतो."

त्याने फीत मागे घेतली, दुप्पट वेगाने सोडली, मग चौपट. हळदीच्या वेळी एक हात दिसला, तो कुलसुमबींचा असावा. मांडवाच्या कडेला हिरव्या ओढणीचं टोक दिसलं. निकाहानंतर "अरे, शिरखुर्मा वाढा ना कोनी" असा खणखणीत आवाज आला, तो मात्र निर्विवाद त्यांचाच होता.

"हे पाहा, आवाज आला," शाकीब म्हणाला.

"आवाज काय करू? हिवरखेडच्या बाया विचारतीन, भाच्याच्या लग्नाले गेली नोती काय? मंग काय सांगू? आयका म्हनू?"

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. त्यांच्या बिरादरीत लग्नाची फीत म्हणजे पंचनामा. जो फितीत दिसला तो आला, जो दिसला नाही तो आला नाही. बाळापूरच्या एका साडूने एकदा "मी आलो होतो" म्हणून कुराणाची शपथ घ्यायची तयारी दाखवली होती, तेव्हा लोकांनी शपथ नको म्हणून नियाजभाईंची कॅसेट मागवली आणि पंगतीतल्या माणसांची डोकी मोजली. साडू त्यांत कुठेच दिसला नाही. त्यानंतर चार वर्षं बोलचाल बंद होती.

आणि कुलसुमबी तर नुसत्या आल्या नव्हत्या. नगमाची आई जाऊन नऊ वर्षं झालेली. लग्नघराची मालकीण त्याच होत्या. मांडव त्यांनी घालून घेतला, हळद त्यांनी लावली, भटारी त्यांनी दटावले. एवढं करून फितीत एक हात आणि एक ओढणी.

"फुप्पी, तुमी हर वेळी कॅमेऱ्यात पायलं," नगमा म्हणाली. खरं बोलणाऱ्या माणसाला वेळ पाहायची अक्कल नसते, तशी ती बोलली. "लेन्समध्ये पायलं का शॉट बाद होते. म्हनून तसे सारे मी काढून टाकले."

"कॅमेऱ्यात नाई पाहाचं त काय भितीकडं पाहाचं?"

"कोठीच पाहाचं नाई. आपलं काम करत राहाचं."

"काढून टाकले," कुलसुमबींनी शब्द चावून पाहिला. "बरं. तू मले काढून टाकलं ना? मंग सोमवारी शूटिंगले माह्या घरी कोनी याचं नाई. मी घराले कुलूप लावते अन् अफनानकडं अमरावतीले जाऊन राहते. सोळाच्या सोळा दिवस." त्या उठल्या. शाकीबला म्हणाल्या, "चल, मले स्टँडवर सोड."

आणि शाकीब, जो दहा मिनिटांपूर्वी शेरवानीसाठी बहिणीशी भांडत होता, तो आता फुप्पीची पिशवी उचलून तिच्या पक्षात गेला. जाताना अनीसाकडे असा पाहून गेला, की बघ, मी म्हणत होतो.

नगमा जागेवरून हलली नाही. तिच्यापुढे काय उभं राहिलं, हे नियाजभाईंना पुरतं ठाऊक होतं. सिनेमा होता दोन जावांचा. एका स्वयंपाकघरात राहणाऱ्या आणि अकरा वर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या. तीन चतुर्थांश सिनेमा त्या एका स्वयंपाकघरात घडायचा, आणि ते स्वयंपाकघर हिवरखेडचं, कुलसुमबींचं होतं. छपरात एक काचेचं कौल. सकाळी नऊला त्यातून उजेड चुलीवर उतरतो, अकराला उतरंडीवर, दोनला दारापर्यंत सरकतो. चार महिने नगमा वहीत वेळा लिहीत त्या जमिनीवर मांडी घालून बसली होती. निर्मात्याला मुंबईचा नावाजलेला कॅमेरामन हवा होता. दिग्दर्शिका पौर्णिमा तिच्यासाठी अडून बसली होती. आता जागाच गेली तर निर्मात्याला निमित्त मिळणार, आणि पहिला सिनेमा हातातून गेलेल्या कॅमेरामनला दुसरा कोण देतो?

संध्याकाळी पौर्णिमाचा फोन आला. ती चांदूर रेल्वेची, गावाकडच्या माणसांचा रुसवा तिला नवा नव्हता.

"माह्या मामाचं घर हाय ना चांदूरले. तिथं करू," ती म्हणाली.

"तिथं उजेड पश्चिमेनं येते पौर्णिमा. दुपारी. आपली सारी गोष्ट सकाळची हाय."

"मंग फुप्पीचे पाय धर. सतरा मानसं अन् एक बकरी परवा निघून राहिली. बकरीले मी काय सांगू?"

शनिवारी सकाळी बापलेक अमरावतीला निघाले. गाडी नगमा चालवत होती. मागच्या सीटवर लॅपटॉप होता आणि त्यात लग्नाचं सगळं टाकाऊ चित्रण. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडत आली होती. मूर्तिजापूरला दोघं चहाला थांबले.

"किती शॉट हायेत तिचे?" नियाजभाईंनी बशीत चहा ओतत विचारलं.

"अकरा."

"अन् अकराईत पायलं?"

"अकराईत. बाकीच्यायनं बी पायलं, पन सकाळी सकाळी. दुपारपर्यंत सारे कॅमेरा इसरून गेले. फुप्पी एकदाई नाई इसरली."

"कशी इसरन? मीच शिकवलं तिले." त्यांनी बशी खाली ठेवली. "पहिला कॅमेरा घेतला तवा शूटिंग कोनाची करू? हिवरखेडले गेलो. आपा बैलाईले सरकी घालून राहिली होती. मी म्हनलं, आपा, इकडं पाहा. हलू नको. तिनं मान हलवली त मी तिच्यावर वरडलो बी. मंग साऱ्या अकोल्याले तेच शिकवलं. पंगतीत माहा दिवा समोर आला का लोकं घास हातात धरून थांबत. दिवा पुढं गेला का मंग तोंडात."

नगमा हसली. कालपासून पहिल्यांदाच.

"चांगलं केलं तू," ते म्हणाले. "शाकीबचं लग्न. मले असं कधी जमलं नाई."

"मंग काल साऱ्याईच्या समोर काहून नाई बोलले?"

"आपा समोर होती ना."

बासष्टाव्या वर्षीही नियाजभाई बहिणीला भीत होते आणि त्यात त्यांना कमीपणाही वाटत नव्हता.

अफनानचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. अमरावतीच्या कॉलेजात तो इतिहास शिकवायचा; लढाया कशा होतात हे त्याला माहीत असल्याने त्यांपासून लांब राहायचा. त्याने दार उघडलं, पायात चपला आधीच होत्या. "अम्मी गरम हाय," तो कुजबुजला. "मी भाजी आनाले जाऊन राहिलो." आणि तो पायऱ्या उतरून गेलासुद्धा.

कुलसुमबी हॉलमध्ये चटईवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर केली नाही. "चहा हाय गॅसवर. घ्या अन् जा."

नियाजभाई समोर बसले. वाटभर जुळवलेलं भाषण त्यांनी सुरू केलं. "आपा, पोट्टीची चूक नाई. गुन्हा माहा हाय. कॅमेऱ्यात पाहाले तुले मीच शिकवलं."

"तुहा गुन्हा त हायच. तो सांगाले येवढं पेट्रोल कायले जाळलं?"

भाषण तिथेच आटोपलं. कुलसुमबींनी त्यांच्यापुढे शेंगांची एक ओंजळ सरकवली, म्हणजे सोला. ते सोलू लागले.

नगमाने लॅपटॉप स्टुलावर ठेवला. "फुप्पी, मी तुमाले टिपलंच नाई असं नोका समजू. हे पाहा. अकरा हायेत. तुमी सांगान त सारे टाकते फितीत."

पहिला शॉट हळदीचा. वाडग्यात बोटं बुडवलेल्या कुलसुमबी आणि डोळे सरळ समोर. दुसरा भटारखान्यातला, धूर, मोठी डेग, आणि डोळे सरळ समोर. तिसऱ्यात त्या कुणालातरी दटावत होत्या, दटावता दटावता मान वळली आणि आवाज अर्ध्यातच थांबला. पाचवा निकाहाचा. सगळ्या बायका दाराकडे, काझीसाहेब आले त्या बाजूला पाहत होत्या. एकट्या कुलसुमबी उलट्या बाजूला.

कुलसुमबींनी शेंग हातातच धरली होती. स्वतःचा चेहरा त्या परक्याचा पाहावा तशा पाहत होत्या.

नियाजभाईंना मात्र काहीतरी खटकत होतं. बत्तीस वर्षांत त्यांनी कॅमेऱ्यात पाहणारे हजारो चेहरे पाहिले होते. कॅमेरा आला की माणूस ताठ होतो, हनुवटी वर जाते, पदर सारखा होतो, श्वास रोखला जातो. इथे आपाची ओढणी डोक्यावरून घसरलेली होती. एका शॉटमध्ये तर त्या पान चघळत होत्या. फोटोला बसलेलं माणूस पान चघळत नाही.

"थांबव," ते म्हणाले. "नजर पाय तिची."

"लेन्समध्ये हाय ना अब्बा."

"नीट पाय. लेन्सच्या वर हाय. चार बोटं वर."

नगमा पडद्यावर वाकली. तिने शॉट मागे घेतला, पुढे घेतला, दुसरा लावला, सातवा लावला. आठ वर्षं फोकस सांभाळलेली मुलगी. पापणी कुठे आहे आणि बुबुळ कुठे, हे अंधारात सांगणारी. लग्नात कॅमेरा तिने छातीशी धरला होता आणि वरच्या छोट्या पडद्यात ती वाकून बघत होती. लेन्सच्या चार बोटं वर तिचा स्वतःचा चेहरा होता.

"फुप्पी," ती म्हणाली, "तुमी कोठी पाहून राहिल्या होत्या?"

"कॅमेऱ्याले काय पाहाचं हाय? तो काय माहा भाचा हाय?" कुलसुमबींनी शेंग फोडली. "मी तुले पाहून राहिली होती. सकाळपासून पोट्टीच्या पोटात पान्याचा घोट नाई. येवढं मोठं यंत्र गळ्यात. इतके मोठमोठे मानसं मांडवात, पन कोनाले भेत नोती. सरका म्हने, अन् सरकत बी होते लेकाचे! काझीसाहेबाले बी सरकवलं. मी म्हनलं, हे कोन झाली बाप्पा आपली नगमा? म्हनून पाहत होती. अन् तू मलेच काढून टाकलं."

सातव्या शॉटवर थांबलेल्या कुलसुमबी पडद्यावरून तिच्याकडे पाहतच होत्या. नियाजभाईंना वाटलं, आपण लोकांना इकडं पाहा, इकडं पाहा म्हणत जन्म घालवला. न सांगता असं कुणी आपल्याकडे पाहिलं नाही. हेवा वाटावा अशीच ती नजर होती, आणि त्यांना तो स्वच्छ वाटलाही. पण हेवा वाटावा अशी मुलगी आपलीच आहे, याचा आनंद त्याहून मोठा होता.

"मी अकराई टाकते," नगमा कशीबशी म्हणाली. "आजच."

"नको. जेवतानीचा एक टाक, हिवरखेडच्या बायाईच्या तोंडावर माराले. बाकीचे राहू दे तुह्याजवळ. ते काय लोकाईले दाखवाची गोष्ट हाय?"

सोमवारचा विषय कोणी काढावा, हे बापलेकींना कळेना. तो कुलसुमबींनीच काढला.

"किती मानसं येनार म्हने?"

"सतरा," नगमा म्हणाली. "अन् एक बकरी."

"बकरी आंगनात. चुलीपाशी आली त मी तिचं काय करीन ते सांगत नाई. अन् मी घरीच राईन. माह्या घरात लोकं सोळा दिवस काय करून राहिले, हे मी अमरावतीत बसून कशी पाहू?"

नगमाच्या चेहऱ्यावर आनंद आला आणि लगेच धास्तीही आली. स्वयंपाकघर दहा फुटांचं. त्यात दोन नट्या, एक चूल, कॅमेरा आणि कुलसुमबी. "पन फुप्पी," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमाले कॅमेऱ्याच्या मांगं बसा लागन. माह्या पाठीमांगं. समोर येऊन पायलं त शॉट बाद होते."

"अन् मांगून पायलं त? मांगून पायलं त बी बाद होते काय?"

"नाई," नगमा म्हणाली. "मांगून कितीई पाहा फुप्पी." शेंगांची टरफलं बाजूला न सारता तिने कुलसुमबींच्या मांडीवर डोकं टेकलं आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडू लागली. कुलसुमबींनी तिला रडू दिलं. एक हात तिच्या केसांत ठेवून दुसऱ्या हाताने त्यांनी भावाला खूण केली, की पौर्णिमाला फोन लाव, ती बिचारी वाट पाहत असेल.